धुवायचा, बदलायचा की फोडायचा? तुंबलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा प्रश्न

छत्रपती संभाजीनगरच्या पडेगावातून पश्चिमेला निघालेला रस्ता मिटमिटा, शरणापूर मागे टाकत दौलताबादला पोचतो आणि किल्ला ओलांडला की चढाला लागतो. छावणी ते क्रांती चौक एवढ्याच फेऱ्या मारणारी गाडी आपले दुखणे महिनोन्‌महिने लपवू शकते. खुलताबादच्या या चढावर, किंवा चाळीसगावहून परतताना औट्रम घाटात, ते उघडे पडते. ॲक्सिलरेटर तळाला टेकतो, पण आरपीएमचा काटा अडीच-तीन हजारांच्या वर सरकत नाही. एसी बंद करावा लागतो, तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर यावे लागते, मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत राहतो. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये मालकाची तक्रार एकाच वाक्यात मावते: "गाडीला पिकअप नाही."

या वाक्यावर गॅरेजची उत्तरे ठरलेली आहेत. आधी एअर फिल्टर, मग प्लग, मग फ्युएल पंप, मग क्लच प्लेट. चार-सहा हजार रुपये खर्च होऊन गाडी होती तशीच राहिली की कोणीतरी खाली वाकून सायलेन्सरच्या नळीत पुढच्या बाजूला बसवलेल्या डब्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "कॅट चोक झालाय." कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिनात हवा शिरते, पेट्रोल जळते, पण जळालेला धूर बाहेर पडायला वाट उरत नाही. मागे अडलेला धूर पुढच्या ताज्या हवेची जागा खातो आणि ताकद तिथेच जाते. यावर उपाय म्हणून तीन वाटा सांगितल्या जातात. डबा धुवायचा, बदलायचा किंवा आतली जाळी फोडून रिकामा डबा परत बसवायचा. तिसरी वाट कोणत्याही कंपनीच्या पुस्तकात सापडत नाही, पण तिचे गिऱ्हाईक कमी नाही.

डब्यात काय असते ते पाहिल्याशिवाय यांतली कोणती वाट बरी हे कळत नाही. पोलादी कवचाच्या आत कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकची एक वीट असते. तिच्यात आरपार गेलेल्या बारीक चौकोनी नळ्या असतात, एका चौरस इंचात साधारण चारशे किंवा त्याहून जास्त. गॅरेजच्या भाषेत ही 'जाळी'. नळ्यांच्या भिंतींवर ॲल्युमिना आणि सिरियाचा खरखरीत लेप आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचे डोळ्यांना न दिसणारे कण असतात. पूर्ण डब्यात या धातूंचे वजन काही ग्रॅमच भरते. धूर या कणांवरून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेले पेट्रोल जळते आणि नायट्रोजनचे ऑक्साइड फुटून साधा नायट्रोजन बाहेर पडतो. तिन्ही कामे एकाच वेळी व्हायची तर इंजिनाला हवा आणि पेट्रोल अगदी मोजून, वजनाने १४.७ ला १ या प्रमाणात मिळावे लागते. ते मोजायला डब्याच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो. डबा काम करतो की नाही हे पाहायला नंतर दुसरा असतो. डबा साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसला जागा होतो. त्याआधी तो नुसते लोखंड असतो, आणि शाळा-बाजार-घर अशा दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत तो पुरता जागाच होत नाही.

ही कल्पना तशी जुनी आहे. तेलशुद्धीकरणात नाव कमावलेले फ्रेंच अभियंते यूजीन हूड्री यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत मोटारींसाठी असा डबा तयार केला, पण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसे होते आणि शिशाचा थर प्लॅटिनमवर बसला की सारे थांबत असे. पुढे कॉर्निंग कंपनीच्या बॅग्ली, लॅकमन आणि लुइस यांनी सिरॅमिकची जाळी बनवली, एंगलहार्ड कंपनीच्या जॉन मूनी आणि कार्ल कीथ यांनी तिन्ही वायूंवर काम करणारा कन्व्हर्टर घडवला, आणि १९७५ च्या मॉडेलांपासून अमेरिकी गाड्यांत डबे दिसू लागले. त्यासाठी आधी बिनशिशाचे पेट्रोल पंपावर आणावे लागले. डबा आणि इंधन यांची गाठ तेव्हापासून सुटलेली नाही.

महाराष्ट्राने ही गाठ वीस वर्षांनी अनुभवली. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि तिथल्या पंपांवर बिनशिशाचे पेट्रोल आले. पण गाडी मुंबईत घेतली म्हणजे ती मुंबईतच फिरते असे नाही. दिवाळीत गावी, उन्हाळ्यात वेरूळ-अजिंठ्याला जाणाऱ्या गाडीची टाकी वाटेत रिकामी व्हायची, आणि महानगराबाहेर बिनशिशाचा पंप मिळणे नशिबावर असे. शिसे घातलेल्या पेट्रोलच्या काही टाक्यांनीही जाळीवरचे धातू निकामी होतात. देशभर शिसे पूर्णपणे हटले ते १ फेब्रुवारी २००० ला. त्यानंतर भारत स्टेजच्या पायऱ्या आल्या. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ मोजक्या शहरांत आले, एप्रिल २०१७ मध्ये देशभर, आणि १ एप्रिल २०२० रोजी पाचवी पायरी गाळून थेट बीएस-६. इंधनातले गंधक बीएस-४ मध्ये दहा लाख भागांत ५० होते, ते १० वर आले. म्हणजे आज पडेगावच्या पंपावर मिळणारे पेट्रोल कागदावर तरी जगातल्या कोणत्याही कन्व्हर्टरला चालणारे आहे. तरीही डबे तुंबतात, कारण आता ते बहुतेक वेळा इंधनाने नव्हे, इंजिनाने तुंबतात.

सगळ्यांत मोठा मारेकरी म्हणजे मिस मारणारे इंजिन. एखादा प्लग मेला, इग्निशन कॉइल गेली, तरी चारपैकी तीन सिलिंडरवर गाडी थरथरत का होईना चालते. मालक म्हणतो, पगार झाला की करू. तेवढ्या दिवसांत चौथ्या सिलिंडरमधले कच्चे पेट्रोल जसेच्या तसे तापलेल्या डब्यात जाते आणि तिथे पेटते. जाळीचे सिरॅमिक साधारण १४५० अंशांच्या पुढे वितळते, आणि कच्चे पेट्रोल तिला तिथवर नेऊ शकते. वितळलेल्या नळ्या एकमेकींना चिकटतात आणि काचेच्या गोळ्यासारखा ढेकूळ वाटेत बसतो. रात्री गाडीखाली डबा लाल दिसला तर पुढे काय होणार याची ती खूण आहे. हजार-बाराशेच्या कॉइलने पाच आकडी डबा खाल्ल्याची उदाहरणे कोणताही अनुभवी मेकॅनिक सांगेल.

दुसरा मारेकरी ऑइल. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजले की इंजिन ऑइल खाते. ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी जस्त आणि फॉस्फरसचे रसायन घातलेले असते. ते जळून जाळीवर पांढुरका थर देते, आणि हा थर काही केल्या जळत नाही. म्हणूनच पेट्रोल गाड्यांच्या नव्या पातळ ऑइलमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा दंडक आहे. हेड गॅस्केट फुटून कूलंट जळू लागले तर तेही याच रांगेत. गॅस्केटला फासायच्या स्वस्त सिलिकॉनची वाफसुद्धा सेन्सरला आणि जाळीला बाधते. गॅरेजमध्ये ते सढळ हाताने फासतात.

इंधनाचा दोष पुरता संपलेला नाही. मराठवाड्यात येणाऱ्या पेट्रोल-डिझेलचा मोठा वाटा मनमाडजवळच्या पानेवाडीतल्या तेल कंपन्यांच्या डेपोंतून टँकरने येतो. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी तिथेच एका ढाब्याजवळ भेसळ चालल्याचे पाहिले, मोबाइलवर चित्रण सुरू केले, आणि भेसळखोरांनी त्यांना जिवंत जाळले. रेशनचे रॉकेल तेव्हा पेट्रोलच्या चौथाई किमतीला मिळे. त्या फरकावर सगळा धंदा उभा होता. रॉकेल पेट्रोलपेक्षा जड, नीट वाफ न होणारे; ते पेट्रोल इंजिनात अर्धवट जळते आणि काजळी डब्याकडे जाते. रेशनवरचे रॉकेल आता जवळपास बंद झाले आहे. भेसळीची शंका मात्र गॅरेजमध्ये अजून पहिल्यांदा निघते, कारण ती सोयीची आहे: ना मालकाचा दोष, ना मेकॅनिकचा. अलीकडे तिच्या जोडीला इथेनॉलही आले आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर साखर कारखान्यांपासून समाजमाध्यमांपर्यंत वाद आहेत आणि एव्हरेज कमी होते ही तक्रार खरी आहे. पण इथेनॉल स्वतः काजळी कमी करते. ते जाळी तुंबवत नाही. टाकीत पाणी शिरले, किंवा जुन्या टाकीतला गाळ सुटून इंजेक्टर अडले, तर इंजिन मिस मारेल आणि मग डबा जाईल. दोष तेव्हाही मधल्या पायरीत असतो.

म्हणून डब्याला हात लावण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात, आणि गॅरेजमध्ये नेमक्या त्याच एक केल्या जातात. स्कॅनर लावला की पी ०४२० हा कोड दिसतो आणि "कॅट तुंबला" असा निकाल लागतो. हा कोड तुंबल्याचा नाही. जाळी धूर नीट साफ करत नाही एवढेच तो सांगतो. उघड्या, मोकळ्या, पण विषारलेल्या जाळीतून धूर सहज जातो आणि कोड येतो. उलट पूर्ण अडलेली जाळी कधी कधी कोडच देत नाही. सायलेन्सरमध्ये कुठेतरी फुटून हवा शिरत असेल किंवा मागचा सेन्सर म्हातारा झाला असेल, तरी हाच कोड येतो.

तुंबले आहे की नाही हे दाबाने कळते. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढायचा, त्याच्या भोकात दाबमापक बसवायचा आणि इंजिन चालू करायचे. आयडलवर काटा साधारण दीड पीएसआयच्या आत आणि अडीच हजार आरपीएमवर तीनच्या आत राहिला तर वाट मोकळी आहे. त्याहून बराच वर गेला तर कुठेतरी अडथळा आहे. या चाचणीला अर्धा तास आणि काही शे रुपयांचे गेज लागते. गेज नसेल तर निदान सेन्सर काढून गाडी थोडी चालवून पाहिली जाते. त्या भोकातून धूर निघाला आणि गाडी अचानक ओढू लागली तर संशय पक्का होतो. थंड डब्यावर लाकडी ठोकळ्याने टकटक केली आणि आत खडखडले तर जाळी फुटलेली आहे. डब्याच्या दोन टोकांचे तापमान इन्फ्रारेड बंदुकीने मोजण्याची पद्धतही लोकप्रिय आहे, पण नव्या गाड्यांत तिच्यावर विसंबू नये. इंजिन इतके स्वच्छ जळते की आतल्या आणि बाहेरच्या टोकाच्या तापमानात फारसा फरकच दिसत नाही.

आता धुण्याकडे. बाजारात यासाठी पाच-सहाशे रुपयांपासून बाटल्या मिळतात. टाकीत ओता, शंभर किलोमीटर चालवा, जाळी स्वच्छ. बाटलीतले द्रावण इंजेक्टरपर्यंत द्रावण म्हणून पोचते, त्यामुळे इंजेक्टरवरचा मळ ते काढू शकते. पण त्यानंतर ते सिलिंडरमध्ये जळते. डब्यात पोचतो तो धूर. इंजेक्टर साफ झाल्यामुळे इंजिन नीट जळू लागले आणि जाळीवरची कोवळी काजळी हळूहळू जळून गेली, तर श्रेय बाटलीला मिळते, आणि काही अंशी ते बरोबरही आहे. वितळलेल्या, फुटलेल्या किंवा फॉस्फरसने माखलेल्या जाळीवर तिचा काहीही परिणाम होत नाही.

पेट्रोलमध्ये थिनर ओतण्याचा प्रकार व्हिडिओंमधून गावोगाव पोचला आहे. रंगाच्या दुकानात मिळणारा थिनर रबरी नळ्या आणि पंपाच्या सीलना खातो, त्यात काय काय मिसळलेले आहे याचा भरवसा नसतो आणि तो ओतताना आग लागण्याचा धोका वेगळाच. हा उपाय करून पाहण्यासारखाही नाही.

फुकटचा उपाय मात्र थोडा कामाचा आहे. इंजिन नीट असेल, मिस मारत नसेल आणि अडथळा फक्त काजळीचा असेल, तर खालच्या गिअरमध्ये थोड्या जास्त आरपीएमवर वीस-पंचवीस मिनिटे सलग गाडी चालवल्याने डबा तापतो आणि काजळी जळते. फक्त शहरात घुटमळणाऱ्या गाडीला याचा फायदा होतो. मिस मारणाऱ्या गाडीवर हाच उपाय केला तर डबा वितळवायला मदत केल्यासारखे होते.

काढून धुणे ही जरा गंभीर शाखा. डबा खोलून रात्रभर गरम पाण्यात, साबणात किंवा सोड्यात भिजवतात, मग वॉशिंग सेंटरच्या बंदुकीने मारतात. काजळी थोडी निघते, पण तेवढेच निघत नाही. जाळीवरचा लेप म्हणजे रासायनिक काम करणारा पृष्ठभाग, आणि प्रेशरच्या पाण्याने तोच सुटतो. नळीतून येणारे करडे पाणी म्हणजे नुसती घाण नव्हे, त्यात प्लॅटिनमही आहे. जाळीभोवती तिला घट्ट धरणारी चटई असते, तीही पाण्याच्या माराने झिजते आणि मग जाळी डब्यात हलू लागते. सायट्रिक किंवा ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने फॉस्फरससारखी विषे काही प्रमाणात काढता येतात, असे प्रयोगशाळांत दिसले आहे. पण तिथे द्रावणाची तीव्रता, वेळ, तापमान मोजलेले असते आणि आधी-नंतर वायू मोजले जातात. बादलीत लिंबूसत्त्व ओतल्याने ते होत नाही. एकूण हिशेब सरळ आहे: धुण्याने काजळी जाते, विष फार थोडे जाते आणि वितळलेले काहीच जात नाही. म्हणून धुवावे की नाही हे डबा उघडून पाहिल्यावर ठरते. सेन्सरच्या भोकातून बोरोस्कोपचा कॅमेरा घातला तर उघडावेही लागत नाही.

डिझेलमध्ये मात्र चित्र उलटे आहे, आणि सगळा घोळ बहुधा तिथूनच सुरू होतो. बीएस-६ डिझेल गाड्यांत कन्व्हर्टरच्या जोडीला डीपीएफ म्हणजे काजळी गाळणारी गाळणी असते. तिच्या नळ्या एकाआड एक बंद असतात. काजळी अडवणे हेच तिचे काम, त्यामुळे ती तुंबणारच. ठरावीक मर्यादेला इंजिन जादा डिझेल सोडून तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. यालाच रिजनरेशन म्हणतात. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ते मध्येच तुटते, दिवा लागतो, आणि पूर्ण न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते. पडेगावकरांना यावर सोपा मार्ग शेजारीच आहे. माळीवाड्याच्या इंटरचेंजवरून समृद्धी महामार्गावर चढायचे आणि एका वेगाने अर्धा तास जाऊन परतायचे. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा टोल यात मोडतो खरा, पण वर्कशॉपच्या बिलापेक्षा कमीच.

काजळी जळते, राख उरते. चुलीतली लाकडे जळून राख उरावी तशी ती वर्षानुवर्षे साठते, आणि ती बहुतेक ऑइलमधून येते. डीपीएफवाल्या गाडीत स्वस्त म्हणून ट्रकचे १५डब्ल्यू-४० ऑइल ओतणारे मालक ही राख स्वतःच्या खर्चाने भरतात. अशा गाडीला कमी राखेचे, गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचेच ऑइल लागते. राखेने भरलेली गाळणी भट्टीत भाजून आणि उलट्या दिशेने हवा मारून साफ करता येते. ही यंत्रे असलेली केंद्रे मोठ्या शहरांत आहेत आणि ते काम खरे आहे. नवी गाळणी अनेक गाड्यांना लाखाच्या घरात पडते, तेव्हा साफसफाईवर होणारा खर्च पटतो. पेट्रोल गाडीचा मालक हेच ऐकून कन्व्हर्टर धुवायला जातो आणि फसतो.

बदलायचे ठरले तर तीन दारे असतात. कंपनीचा नवा डबा मिळतो, पण अनेक गाड्यांत तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डला जोडूनच येतो, त्यामुळे किंमत सहज पाच आकडी होते. इंजिनाला चिकटून असलेल्या या डब्यांची जाळी फुटली तर तिचा भुगा काही इंजिनांत उलटा सिलिंडरमध्ये ओढला जातो, म्हणजे उशीर केल्याचा दंड इंजिनातही मोजावा लागतो. दुसरे दार बाहेरच्या कंपनीच्या सरसकट डब्यांचे. दिसायला तेच, किंमत निम्मी किंवा त्याहून कमी, पण मौल्यवान धातूंचा लेप पातळ. महिना-दोन महिन्यांत पी ०४२० परत येतो. तिसरे दार मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात उघडते. तिथून आणलेला डबा किती चालला होता, त्याच्या इंजिनाने ऑइल खाल्ले होते का, हे विकणारा सांगू शकत नाही, आणि सांगितले तरी खरे मानायचे कारण नाही. चांगल्या दर्जाचा उत्प्रेरक महाराष्ट्रात बनत नाही असे नाही. पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळला बेल्जियमच्या युमिकोर कंपनीचा कारखाना वाहनांचे उत्प्रेरक बनवतो, पण असा माल वाहन कंपन्यांकडे जातो, गॅरेजच्या फळीवर नाही.

बीएस-६ च्या मोटारींना उत्सर्जनाची मर्यादा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत टिकवून दाखवावी लागते. म्हणून ७०-८० हजारांत डबा गेला तर आधी गाडीच्या पुस्तकातली उत्सर्जन वॉरंटीची पाने काढावीत आणि कंपनीला लेखी विचारावे. ही पाने सहसा कोणी वाचत नाही, आणि सर्व्हिस सल्लागार स्वतःहून उघडत नाही.

फोडण्याचे काम यातले सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत झटपट. ग्राइंडरने डबा कापायचा, छिन्नीने जाळी फोडायची, रिकामे कवच वेल्ड करायचे आणि मागच्या सेन्सरला फसवायला एक नळकांडे घालायचे. गाडी ओढू लागते, मालक खूश. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असे बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये यासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात पकडणार कोण? पीयूसीमध्ये पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. बीएस-४ आणि नंतरच्या मोटारींना आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. नायट्रोजनचे ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. डिझेलच्या पीयूसीत तर फक्त धुराची घनता पाहतात. म्हणजे जाळीच्या तीन कामांपैकी एक काम कोणाच्याही नजरेत येत नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेचे मापदंड न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत छत्रपती संभाजीनगर आहे, हे इथे आठवायला हरकत नाही.

फसवणूक गॅरेजवाल्याचीच मक्तेदारी आहे असेही नाही. फोक्सवॅगन समूहाने डिझेल गाड्यांत चाचणी ओळखणारे सॉफ्टवेअर घातल्याचे २०१५ मध्ये उघड झाले. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने भारतातल्या गाड्या तपासल्या आणि समूहाला सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच समूहाच्या स्कोडा आणि ऑडीच्या गाड्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडल्या जात होत्या. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये पाचशे कोटींचा दंड ठोठावला, त्यावरील सक्तीच्या कारवाईला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. तिथे सॉफ्टवेअर होते, इथे छिन्नी आहे. धूर मात्र दोन्हींचा सारखाच.

फोडलेली जाळी जाते कुठे? गॅरेजवाला ती कचऱ्यात टाकत नाही. ऱ्होडियमचा भाव २०१६ मध्ये औंसाला सात-आठशे डॉलर होता, तो मार्च २०२१ मध्ये २९ हजारांच्या आसपास गेला. तेव्हाच्या विनिमय दराने हे ग्रॅमला ६५ हजार रुपयांच्या वर होते आणि सोने तेव्हा ग्रॅमला पाच हजारांच्या आत. त्याच काळात पुणे जिल्ह्यासह राज्यात ठिकठिकाणी आणि गुजरातमध्ये मारुती इकोचे सायलेन्सर रात्रीतून गायब होऊ लागले. शाळेची मुले नेणाऱ्या, भाजी वाहणाऱ्या, रुग्णवाहिका म्हणून धावणाऱ्या या गाड्या रस्त्यावर उभ्या असतात आणि डबा खालून सहज हाताला लागतो. पोलिसांच्या पत्रकांत आणि बातम्यांत तेव्हा एक शब्द सतत येई: 'माती'. जाळी कुटून केलेली ही करडी माती किलोच्या भावाने विकली जाई आणि त्यातून धातू काढले जात. भाव नंतर बरेच उतरले तरी माती फुकट झालेली नाही. बदललेला जुना डबा गॅरेजकडे ठेवून निघून येणारा मालक न कळत बक्षीस देऊन येतो. तो मागून घ्यावा, किंवा त्याची किंमत बिलातून वजा करून घ्यावी.

दुचाकीचा डबा त्या मानाने छोटा, त्यामुळे त्याच्याकडे लक्ष जात नाही. १९८५ पासून वाळूजच्या बजाज कारखान्यातून दुचाकी-तीनचाकी बाहेर पडतात आणि बीएस-६ पासून त्यांच्या सायलेन्सरमध्ये किंवा बेंड पाइपमध्ये जाळी हमखास असते. आवाजासाठी सायलेन्सर बदलणाऱ्या पोराला आपण सायलेन्सरबरोबर कन्व्हर्टरही काढला हे ठाऊक नसते. पोलीस रोडरोलरखाली असे सायलेन्सर चिरडतात ते आवाजाच्या कारणासाठी. एप्रिल २०२५ पासून दुचाकींनाही कन्व्हर्टरवर लक्ष ठेवणारी ओबीडीची, म्हणजे गाडीतल्या स्वयंतपासणीची, पुढची पायरी लागू झाली आहे, त्यामुळे निदान मीटरवर दिवा तरी लागेल.

या सगळ्याचा फटका शेवटी जुनी गाडी विकत घेणाऱ्याला बसतो. पिकअप उत्तम, पासिंग झालेले, पीयूसी ताजे, आणि डबा आतून रिकामा. घेण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून डब्यावर कापल्याची आणि नव्या वेल्डिंगची रेघ शोधावी. थंड डबा ठोकून आवाज ऐकावा. मागच्या सेन्सरखाली जादा नळकांडे आहे का ते पाहावे. स्कॅनरवर दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचे आलेख शेजारी ठेवून बघावेत. चांगल्या जाळीमागचा आलेख जवळजवळ सपाट असतो, रिकाम्या डब्यामागचा पुढच्यासारखाच वरखाली नाचतो. तपासणीत नुकतेच सगळे कोड पुसलेले आणि रेडीनेस, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्या, अपूर्ण दिसल्या, तर विकणाऱ्याला शे-दीडशे किलोमीटर गाडी चालवून पुन्हा आणायला सांगावे. जाळी नसल्याचे निघाले तर सौद्यातून नव्या डब्याची पूर्ण किंमत वजा करावी, आणि तिच्यासोबत जाळी मुळात कशाने मेली ते शोधण्याचा, म्हणजे कॉइल, रिंगा किंवा हेड गॅस्केटच्या तपासणीचा खर्चही.